भोवऱ्या थांबेना, कापूस मिळेना

ही बघा, ही चिंगी.

केवढी? अंगठ्याएवढी.

पाठ हिरवी. टोपी तांबूस. शेपटी उभी.

चिंगी आहे शिंपीण. ती चोचीनं पानं शिवते. चोच तिची सुई. कोळ्याचं जाळं तिचा दोरा.

फाटकाजवळ एक अंजिराचं झाड होतं. चिंगीनं त्याची दोन मोठी पानं जवळ घेतली.

टोच, ओढ. टोच, ओढ. टोच, ओढ.

झाली पिशवी! हेच चिंगीचं घरटं.

पण अंजिराचं पान असतं खरखरीत. आणि चिंगीच्या पोटात होतं अंडं. ते अंडं आज यायचं होतं. आजच! अंड्याला मऊ मऊ गादी नको का?

मग चिंगीनं कापूस गोळा केला. एक चिमूट इथून. एक चिमूट तिथून. चोच दुखली, पंख दुखले. पण झाला एकदाचा छान पुंजका. तो चोचीत धरून चिंगी फांदीवर बसली.

इतक्यात फाटक उघडलं. धाडकन!

बाहेर आला भोवऱ्या कुत्रा. हॅ हॅ हॅ हॅ!

भोवऱ्याच्या गळ्यात पट्टा. पट्ट्याला साखळी. साखळीच्या मागे नारूआजोबा.

"अरे हळू! अरे थांब! अरे गाढवा!" आजोबा ओरडले.

तो कुत्रा होता. तो कशाला ऐकतोय?

भोवऱ्या झाडावर आपटला. धप्प! फांदी हलली. चिंगी उडाली. चोच उघडली. कापूस पडला.

कुठे पडला? भोवऱ्याच्या मानेवर. पट्ट्यात जाऊन बसला. घट्ट!

"माझा कापूस!" चिंगी ओरडली.

भोवऱ्या पुढे ओढत होता. आजोबा मागे ओढत होते. हिसका पुढे, हिसका मागे. दोघंही तिथल्या तिथं! कुणी पुढे जाईना, कुणी मागे येईना.

चिंगी गेली भोवऱ्याकडे.

भिर्रर्र… टुप!

"भोवऱ्यादादा, भोवऱ्यादादा, थांब ना जरा. माझा कापूस दे ना जरा."

"मी नाही थांबणार!" भोवऱ्या म्हणाला. हॅ हॅ हॅ! "साखळी मला मागे ओढते. म्हणून मी पुढे ओढतो. साखळी सैल झाली की थांबतो."

चिंगी गेली साखळीकडे.

भिर्रर्र… टुप!

"साखळीताई, साखळीताई, सैल हो ना जरा.

भोवऱ्या काही थांबेना,
माझा कापूस मिळेना!"

"खळ्ळ खट्ट! मी नाही सैल होणार!" साखळी म्हणाली. तिची कडी कडी दुखत होती. "इकडून कुत्रा ओढतो, तिकडून आजोबा ओढतात. मला काय हौस आहे ताणून घ्यायची? आजोबांची मूठ सुटली की सैल होते."

चिंगी गेली आजोबांकडे. फाटकावर बसली. अगदी जवळ नाही हं. माणूस म्हणजे माणूस!

भिर्रर्र… टुप!

"आजोबा, आजोबा, मूठ सोडा ना जरा.

साखळी सैल होईना,
भोवऱ्या काही थांबेना,
माझा कापूस मिळेना!"

"मी नाही मूठ सोडणार!" आजोबा म्हणाले. त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता. "तू एवढीशी! तू मला शिकवणार? अगं, कुत्र्याला असंच ओढायचं असतं. आमच्या वेळेपासून असंच ओढतात."

"मग तो थांबला का?" चिंगीनं विचारलं.

आजोबांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, "ते बघ, समोर कुंपणावर माऊ बसलीय. ती दिसली की हा सुटतो. माऊ उठली की मूठ सोडतो."

चिंगी गेली माऊकडे. पण लांब बसली. चांगली लांब! तारेवर.

भिर्रर्र… टुप!

"माऊमावशी, माऊमावशी, ऊठ ना जरा.

आजोबांची मूठ सुटेना,
साखळी सैल होईना,
भोवऱ्या काही थांबेना,
माझा कापूस मिळेना!"

"काय म्हणालीस?" माऊ म्हणाली. घुर्र घुर्र. "ऐकू नाही आलं गं. जवळ ये ना. अजून जवळ."

"इथूनच बरं आहे!" चिंगी म्हणाली.

"बरं बाई." माऊनं मिशी चाटली. "मी नाही उठणार! मी माझ्या दुधाची वाट बघतेय. खिडकीत आजीची वाटी आहे. रिकामी! वाटीत दूध पडलं की उठते."

चिंगी गेली आजीकडे. खिडकीच्या गजावर बसली.

भिर्रर्र… टुप!

आजी आलं ठेचत होती. ठक ठक ठक.

"आजी, आजी, वाटीत दूध घाल ना जरा.

माऊ जागची उठेना,
आजोबांची मूठ सुटेना,
साखळी सैल होईना,
भोवऱ्या काही थांबेना,
माझा कापूस मिळेना!"

"मी कुठलं दूध घालू?" आजी म्हणाली. ठक ठक ठक. "घरात थेंब नाही दुधाचा! आलं ठेचून झालं, पाणी उकळून झालं, चहा मात्र नाही. आणि हे बघ आमचे हे! म्हणे कुत्र्याला फिरवून आणतो! कुत्राच फिरवतोय त्यांना."

"ऐकू येतंय मला!" रस्त्यावरून आजोबा ओरडले.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय!" आजी म्हणाली. मग चिंगीला म्हणाली, "शेवंताकाकू दूध आणते. ती आली की वाटीत दूध घालते."

चिंगी गेली शेवंताकाकूकडे. काकू गल्लीच्या कोपऱ्यावर उभी होती. सायकल धरून. सायकलला दोन किटल्या. डुचमळ डुचमळ.

भिर्रर्र… टुप! चिंगी सायकलच्या घंटीवर बसली. ट्रिंग!

"शेवंताकाकू, शेवंताकाकू, ये ना जरा.

वाटीत दूध पडेना,
माऊ जागची उठेना,
आजोबांची मूठ सुटेना,
साखळी सैल होईना,
भोवऱ्या काही थांबेना,
माझा कापूस मिळेना!"

"मी नाही बाई येणार!" शेवंताकाकू म्हणाली. "काल आले होते. तो भोवऱ्या आला धावत. मारली उडी! किटली आडवी. दूध रस्त्यावर. आणि आजोबा काय म्हणाले ठाऊक आहे? 'तो खेळतोय गं!' खेळतोय म्हणे! भोवऱ्या शांत झाला की येते."

चिंगी परत आली भोवऱ्याकडे.

भिर्रर्र… टुप!

आता ती दमली होती. पोटातलं अंडं जड झालं होतं. तरी तिनं सगळं सगळं सांगितलं. न चुकता.

"भोवऱ्यादादा, भोवऱ्यादादा, शांत हो ना जरा.

शेवंताकाकू येईना,
वाटीत दूध पडेना,
माऊ जागची उठेना,
आजोबांची मूठ सुटेना,
साखळी सैल होईना,
भोवऱ्या काही थांबेना…

अरे! भोवऱ्या म्हणजे तूच की!"

"मीच!" भोवऱ्या म्हणाला. हॅ हॅ हॅ! "मी नाही थांबणार! साखळी सैल झाली की थांबतो."

"हे तू मघाशीच म्हणालास!"

"मग आता परत म्हणतो!"

चिंगीचं डोकं गरगरलं. फिरून फिरून ती तिथंच आली होती!

कुत्रा म्हणतो, आधी साखळी. साखळी म्हणते, आधी आजोबा. आजोबा म्हणतात, आधी माऊ. माऊ म्हणते, आधी आजी. आजी म्हणते, आधी काकू. काकू म्हणते, आधी कुत्रा!

एवढे सगळे मोठे. एवढे सगळे शहाणे. आणि कुणी जागचं हलेना!

चिंगीला राग आला. एवढीशी चिंगी, पण राग केवढा! शेपटी ताठ. टोपीची पिसं उभी.

"टुविट टुविट टुविट!" ती ओरडली. "सगळे म्हणता आधी तो! सगळे म्हणता आधी ती! आधी मी, असं कोण म्हणणार?"

आजोबांनी आभाळाकडे पाहिलं. आजीनं आल्याकडे पाहिलं. शेवंताकाकूनं किटलीकडे पाहिलं. माऊनं डोळेच मिटले.



मग चिंगी म्हणाली,

"आधी मी."

पण एवढीशी चिंगी करणार काय? ती काही भोवऱ्याला धरू शकत नाही. ती काही किटली उचलू शकत नाही.

तिनं आजोबांच्या मुठीकडे पाहिलं. केवढी मोठी मूठ! मोठी मोठी बोटं. चिंगी कधी माणसाच्या हातावर बसली नव्हती. तिची आई बसली नव्हती. तिची आजीसुद्धा नाही.

चिंगीची छाती धडधडली. धड धड धड धड.

भिर्रर्र…

…टुप!

चिंगी आजोबांच्या मुठीवर बसली.

आजोबा गप्प. एकदम गप्प. डोळे मोठ्ठे. हातावर पाखरू! खरंखुरं पाखरू! एवढंसं, गरम गरम.

"अगं ए," आजोबा हळूच म्हणाले, "बघितलंस का?"

"हलू नका!" आजी खिडकीतून कुजबुजली.

"मी कुठे हलतोय?"

"बोलू पण नका!"

आजोबांनी मूठ पोटाशी धरली. पाय रोवले. पाखरू उडून गेलं तर? आता ओढायचं नाही. आता ओरडायचं नाही. आजोबा उभे राहिले झाडासारखे.

भोवऱ्यानं ओढलं. हिसका!

आजोबा झाड.

भोवऱ्यानं परत ओढलं. हिसका!

आजोबा झाड.

भोवऱ्याला कळेना. आजोबा ओढत नाहीत? आजोबा ओरडत नाहीत? 'गाढवा' पण म्हणत नाहीत? मग मजा कसली! तो वळला. त्यानं आजोबांकडे पाहिलं. एक पाऊल मागे आला.

साखळी सैल झाली. खळ्ळ…

"हुश्श!" साखळी म्हणाली.

"आता चला, आजोबा," चिंगी म्हणाली.

आजोबा चालू लागले. हळू. एक पाऊल. दोन पावलं. भोवऱ्या शेजारी. साखळी सैल. खळ्ळ… खळ्ळ…

आणि भोवऱ्यानं परत ओढलं! हिसका!

"झाड!" चिंगी ओरडली.

"परत?" आजोबा म्हणाले. "या वयात मी किती वेळा झाड होऊ?"

"तो ओढेल तितक्या वेळा!"

आजोबा झाड झाले. भोवऱ्या थांबला. मागे वळला. साखळी सैल. आजोबा चालले.

ओढलं की झाड. सैल की चाल.
ओढलं की झाड. सैल की चाल.

आजीनं खिडकीतून भाकरी पुढे केली. "अहो, सैल चालला की याला तुकडा द्या. नुसतं उभं राहून काय होतंय!"

आजोबांनी दुसऱ्या हातानं तुकडा दिला. मचक मचक! भोवऱ्याची शेपटी हलली. अरेच्चा! शेजारी चाललं की भाकरी?

ओढलं की झाड. सैल की चाल. मचक मचक!

इतक्यात भोवऱ्याला दिसली… माऊ.

कान उभे. पाय ताठ. आता सुटणार! आता ओढणार!

"झाड," चिंगी हळूच म्हणाली.

आजोबा झाड. श्वाससुद्धा घेईनात.

भोवऱ्यानं माऊकडे पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं. परत माऊकडे पाहिलं. मग भाकरीकडे पाहिलं.

आणि भोवऱ्या खाली बसला. बुडावर. थप्प!

"शाब्बास रे माझ्या राजा!" आजोबा म्हणाले. गाढव नाही, राजा!

मचक मचक मचक!

कोपऱ्यावरून शेवंताकाकूनं पाहिलं. तिनं डोळे चोळले. परत पाहिलं. "भोवऱ्याच आहे ना हा?"

"भोवऱ्याच आहे!" आजी म्हणाली. "ये लवकर! चहाचं पाणी आटलं सगळं!"

आणि मग काय झालं?

भोवऱ्या शांत झाला.
म्हणून शेवंताकाकू आली. ट्रिंग ट्रिंग! डुचमळ डुचमळ!

शेवंताकाकू आली.
म्हणून आजीनं वाटीत दूध घातलं. डुब डुब डुब!

वाटीत दूध पडलं.
म्हणून माऊ जागची उठली. लप लप लप!

माऊ जागची उठली.
म्हणून आजोबांची मूठ सुटली. बोटं मोकळी! हुश्श!

आजोबांची मूठ सुटली.
म्हणून साखळी पार सैल झाली. जमिनीवर लोळली. खळ्ळऽऽ!

साखळी सैल झाली.
म्हणून भोवऱ्या थांबला. नुसता थांबला नाही हं. पाय पसरून आडवाच झाला!

माऊचं तोंड वाटीत. आता भीती नाही.

चिंगी उतरली भोवऱ्याच्या मानेवर.

भिर्रर्र… टुप!

"हलू नकोस हं, दादा."

"नाही हलत," भोवऱ्या म्हणाला. "पण गुदगुल्या होतात गं! लवकर काढ!"

टोच, ओढ. टोच, ओढ. टोच, ओढ.

निघाला! निघाला! कापूस निघाला!

थोडा चपटा झाला होता. त्याला एक कुत्र्याचा केस चिकटला होता. असू दे! केससुद्धा मऊ असतो.

चिंगी उडाली. अंजिराच्या झाडात शिरली. शिवलेल्या पिशवीत गेली. तिनं कापूस पसरला. चोचीनं दाबला. पोटानं दाबला. गोल गोल फिरली.

मऊ मऊ गादी झाली.

चिंगी वर बसली. डोळे मिटले.

हुश्श!

खाली आजोबा आणि भोवऱ्या फाटकाशी आले. आजोबा थांबले. भोवऱ्याही थांबला. आजोबांनी फाटक लावलं. धाडकन नाही. हळूच. टिक!

"शूऽऽ," आजोबा भोवऱ्याला म्हणाले. "वर कुणीतरी झोपलंय."

भोवऱ्या म्हणाला, "भूऽ." पण अगदी हळू.

आणि पानांच्या आत, कापसाच्या आत, चिंगीच्या पोटाखाली एक अंडं आलं.

केवढं? एवढंसं. शेंगदाण्याएवढं.

अंडं गादीला. दूध माऊला. भाकरी भोवऱ्याला. चहा आजोबांना.

गोष्ट तुला.

आणि एक पापा मला!